सहाव्या मजल्यावरचं पार्सल

१

मास्तरांना गेली चार वर्षं स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं. आणि तरीही एका मंगळवारी भर दुपारी, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत, सहा मजले चढून त्यांनी एका आजीबाईंच्या दारात औषधांचं पार्सल पोचवलं होतं.

निदान भत्ता कार्यालयाच्या फाइलीत तरी तसंच म्हटलं होतं.

साहेबांनी सोमवारी सकाळी ती फाइल चौकशीबाईंच्या टेबलावर टाकली. "अपंगत्वाचा भत्ता खातोय आणि घरोघरी पार्सलं वाटत फिरतोय. चांगला ठणठणीत दिसतोय गडी. बघा जरा."

भत्ता घेणाऱ्यांच्या घरी जायचं, खरंखोटं करायचं आणि अहवाल द्यायचा, हे काम करता करता बाईंचे केस पिकले होते. 'चौकशीबाई' हे नाव आधी लोकांनी ठेवलं, मग ऑफिसनेही उचललं. त्यांच्या हातून खोटा माणूस निसटत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती त्यांना मनातून आवडायचीही.

या वेळचं प्रकरण सोपं दिसत होतं. ज्याला कमाई नाही अशाच अपंग माणसाला भत्ता, असा नियम. मास्तर पूर्वी शिंपीकाम करत, आता अंथरुणाला खिळलेले. पण त्यांच्या नावावर कित्येक महिने डिलिव्हरीच्या अ‍ॅपमधून कमाई जमा होत होती. भत्त्याची माहिती एकीकडे आणि अ‍ॅपवाल्यांची दुसरीकडे, अशी इतकी वर्षं दोघांची कधी गाठच पडली नव्हती. या वर्षी संगणकाने पहिल्यांदाच नावं जुळवून पाहिली आणि मास्तर सापडले.

बाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली. "अगं, हा पत्ता नीट लागत नाहीये. बघ बरं तुला वाचता येतो का."

तीन नंबरच्या खिडकीवर एक कंत्राटी कारकून बसायची. तिला सगळे खिडकीवालीच म्हणत. ती उठून आली, फाइल हातात घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"लांब आहे हे, बाई," ती म्हणाली. "तुमचे गुडघे दुखतायत ना? मी जाऊन येऊ का? नुसतं बघूनच यायचं आहे."

बाईंना बरं वाटलं. आजकाल कोण कुणाचं एवढं बघतं! "नको गं. माझं काम मीच करते," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी, धापा टाकत त्या मास्तरांच्या घरी पोचल्या आणि पहिल्या नजरेतच त्यांचं सोपं प्रकरण अवघड झालं. चादरीखालून बाहेर आलेले मास्तरांचे पाय मनगटाएवढे बारीक होते. अशा पायांचं सोंग आणता येत नाही.

२

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मास्तरांचा पलंग आणि खिडकीशी शिलाई मशीन. मशीनवर मास्तरांची मोठी मुलगी बसलेली होती. तिला घरात ताई म्हणत. नवऱ्याचं घर सोडून ती वडिलांकडे परतली होती आणि घरबसल्या पडदे, अभ्रे शिवत होती.

"माझ्या नावावर डिलिव्हरी?" मास्तरांनी विचारलं. "मॅडम, माझं सगळं काम पायावर होतं. पायाने मशीन मारायचो. पाय गेले तेव्हाच काम गेलं."

"मग तुमचं ओळखपत्र कुणाच्या हाती लागलं होतं का?"

"लागलं असेल. हॉस्पिटलात देतो, बँकेत देतो. कुठे कुठे लक्ष ठेवणार?"

ताईने मान वर केली नाही. तिच्या सुईतला दोरा तुटला. तो पुन्हा ओवायला तिला फार वेळ लागला.

"घरात कोण कोण असतं?"

"मी, ताई, मुलगा आणि सून," मास्तर म्हणाले. "मुलाची किडनी गेलीय. दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. सून ऑफिसात कामाला आहे. तिच्यावरच चाललंय म्हणा ना."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक तरुण माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेला दिसला. बाईंनी आवाज न करता चपला घातल्या. एखाद्या भामट्याने या गरिबाचं नाव चोरलं, असाच अहवाल द्यायचं त्यांनी जिन्यातच ठरवलं.

खाली रस्त्यावर येऊन त्यांनी डिलिव्हरी कंपनीच्या स्थानिक माणसाला फोन लावला. कुणाचं ओळखपत्र चोरून अ‍ॅपवर काम करता येतं का, एवढंच त्यांना विचारून घ्यायचं होतं.

"छे! चोरून एक दिवसही नाही चालत, मॅडम," तो म्हणाला. "काम सुरू करायच्या आधी रोज सकाळी अ‍ॅप चेहरा मागतं. मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, डोळे मिचकवा. जिवंत माणूस समोर लागतो. जुना फोटो धरला तर अ‍ॅप बंद."

बाई रस्त्यातच थांबल्या. म्हणजे कित्येक महिने, कामाच्या प्रत्येक सकाळी, मास्तरांनी स्वतः डोळे मिचकवले होते.

३

त्या तशाच पुन्हा जिना चढल्या. दारात उभं राहूनच म्हणाल्या, "मास्तर, सकाळी मोबाइल तुमच्या तोंडासमोर कोण धरतं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी चादर ओढून पाय झाकले. पाय बघितले गेले तर आपण खोटे पडू, असंच त्यांना वाटलं असावं.

"मीच करतो ते काम," ते म्हणाले.

"काय करता?"

"डिलिव्हरी. मीच जातो."

एवढ्या वर्षांत बाईंनी हज्जार खोट्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण चालता येणारी माणसं आपल्याला चालता येत नाही असं सांगायची. हे उलटं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मास्तर, मला खाली उतरून दाखवता?"

"बाबा, पुरे," ताई मशीनवरून उठली. "मॅडम, मी चालवते. बाबांचं नाव घातलं आणि मीच चालवते. काय करायचं ते मला करा."

"स्कूटर येते तुला?"

"येते."

"त्या मंगळवारी दुपारी सहाव्या मजल्यावर तू गेली होतीस?"

"हो. मीच."

आतलं दार उघडलं. मास्तरांचा मुलगा भिंतीला धरून उभा होता. त्याच्या डाव्या दंडावर डायलिसिसची नस फुगून वर आलेली होती. त्या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद असते, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणजे त्याने स्कूटर हाकत पार्सलं वाटणं शक्यच नव्हतं.

"ताई, काय बोलतेयस?" तो म्हणाला. "मंगळवारी तर तू माझ्याबरोबर असतेस. दुपारभर मशीनला लावतात मला, तू शेजारच्या खुर्चीत बसून उसवत बसतेस. नर्स हसतात तुला." मग तो बाईंकडे वळला. "काय झालंय? कसली स्कूटर?"

ताईने डोळे मिटून घेतले.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मास्तर आणि ताई, दोघांनाही खरं माहीत होतं. मुलाला काहीच माहीत नव्हतं. आणि ते दोघं बाईंपेक्षाही जास्त त्याच्यापासून लपवत होते.

४

इमारतीच्या तळाशी एक गॅरेज होतं. गॅरेजवाला देहाने इतका ऐसपैस होता की सहा मजले सोडाच, गॅरेजची एक पायरी चढतानाही तो दाराला हात लावायचा. बाईंनी त्याला मनातून लगेच वगळलं. पण त्याच्या दाराशी एक जुनी स्कूटर उभी होती, आणि तिच्यामागे पार्सलची चौकोनी पेटी बांधलेली होती.

"ही कोण नेतं?"

"भाड्याने देतो."

"कुणाला?"

"हेल्मेट येतं, हेल्मेट जातं. आत कोण असतं ते मी कशाला बघू?"

"रोज भेटणाऱ्या माणसाचं तोंड बघितलं नाही तुम्ही?"

त्याने हातातला पाना फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. "मॅडम, माझ्या लग्नाचा कोट मास्तरांनी शिवला होता. शिलाईचं नावही काढलं नाही. तुम्ही मला काहीही विचारा, माझी नजर अधू आहे."

त्याच्याकडून काही निघणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई डिलिव्हरी कंपनीत गेल्या. तिथला माणूस बोलका होता.

"कामाला एक नंबर," तो म्हणाला. "पण वेळा चमत्कारिक. दुपारी जेवणाच्या वेळेला तासभर, मग संध्याकाळी. सुट्टीच्या दिवशी मात्र पूर्ण दिवस. बाकीचे सकाळपासून असतात, हा कधीच नाही."

म्हणजे स्कूटरवाल्याला दिवसाची नोकरी होती. बाईंनी मान डोलावली.

"आणखी एक खोड आहे. एका इमारतीची ऑर्डर घेतच नाही. शेजारच्या दुकानाची घेईल, समोरच्या बँकेची घेईल, पण त्या इमारतीची आली की नकार. नकार दिला की गुण कापले जातात, पुढची कामं कमी मिळतात. मी दोनदा मेसेज टाकून समजावलं. उत्तर नाही."

"आता कामावर आहे?"

"नाही ना. या सोमवारी सकाळी चेहरा देऊन झाला होता, पण दुपारी आलाच नाही. तेव्हापासून बंद आहे."

बाईंना काहीतरी खटकलं. त्या मास्तरांकडे पहिल्यांदा गेल्या त्या बुधवारी. नोटीस तर अजून निघालीच नव्हती. मग सोमवारी दुपारी या माणसाला सावध कुणी केलं?

"ती इमारत कोणती?" त्यांनी विचारलं.

त्याने पत्ता वाचून दाखवला. बाईंना तो लिहून घ्यावा लागला नाही. त्या पत्त्यावरच्या दारातून त्या रोज सकाळी आत जात होत्या. ते त्यांचंच कार्यालय होतं.

५

कार्यालयातल्या कुणालातरी घाबरणारा माणूस, किंवा कार्यालयातलाच माणूस. बाईंनी पहिला तर्क धरला, कारण दुसरा धरायला मन धजत नव्हतं. भत्ता घेणारा एखादा असेल, खिडकीवर ओळखतील म्हणून टाळत असेल. पण भत्ता घेणाऱ्याला सोमवारी टेबलावर आलेली फाइल कशी कळणार?

त्या सहाव्या मजल्यावरच्या आजीबाईंकडे गेल्या. लिफ्ट अजून बंदच होती. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला टेकत त्या वर पोचल्या.

आजी एकट्याच राहत होत्या. बोलायला माणूस मिळालं म्हणून त्यांनी बाईंना हाताला धरूनच आत नेलं.

"आलं होतं ना ते लेकरू! एवढंसं. घामाने नुसतं निथळत होतं. मी म्हटलं, अरे बाळा, टोपी काढ, पाणी पी. तर हेल्मेटची काच तेवढी वर केली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायलं. माझ्या हातात भत्ता नामंजूर झाल्याचा कागद होता, मी रडत बसले होते. ते वाचून म्हणालं, आजी, हे नामंजूर नाही. तुम्ही अर्जाच्या मागच्या बाजूला फोन नंबर लिहिलाय. मागे काही लिहिलं की आतलं यंत्र कागद बाहेर टाकतं, आणि बाहेर पडलेल्या सगळ्यांना एकच छापील उत्तर जातं. मागची बाजू कोरी ठेवून पुन्हा द्या."

"मग?"

"दिला. महिन्याभरात झाला मंजूर."

बाई खुर्चीत सावकाश मागे टेकल्या. कागद मागून लिहिलेला असला की यंत्र तो बाहेर टाकतं, ही गोष्ट बाहेर कुणालाच माहीत नव्हती. फलकावर नव्हती, सूचनांमध्ये नव्हती. साहेबांनाही माहीत नसेल. बाईंना माहीत होती, कारण गेल्या वर्षी त्या यंत्रापाशी उभं राहून कुणीतरी वैतागून ती त्यांना सांगितली होती. अर्ज यंत्रात घालायचं काम कार्यालयात एकाच खिडकीवर होत असे.

"आजी, तो मुलगा दिसायला कसा होता?"

"मुलगा?" आजी गोंधळल्या. "मी मुलगा कुठे म्हटलं?"

खरंच म्हटलं नव्हतं. आजी सारखं लेकरू म्हणत होत्या. मुलगा तो बाईंनी केला होता, कंपनीच्या माणसाने केला होता, कारण अ‍ॅपवर मास्तरांचं नाव होतं.

"बारीक आवाज होता हो. पोरगीच होती ती," आजी म्हणाल्या. "काय केलंन तिने? चांगली होती."

६

शुक्रवारी चार वाजता लोकांची गर्दी ओसरली. चौकशीबाई आपल्या टेबलावरून उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या, आणि तीन नंबरच्या खिडकीसमोर, अर्जदारांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. ते स्टूल इतकं बुटकं होतं की आत बसलेल्या माणसाकडे मान वर करूनच पाहावं लागायचं. एवढ्या वर्षांत त्या त्यावर कधी बसल्या नव्हत्या.

काचेच्या आत खिडकीवालीने त्यांच्याकडे पाहिलं. हातातला गठ्ठा तिने खाली ठेवला.

"मास्तर तुझे कोण?" बाईंनी विचारलं.

"सासरे."

"आडनाव वेगळं आहे."

"माहेरचंच लावते. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. होती ती गोष्ट तिने सांगितली. तीन वर्षं दोघी एका खोलीत बसत होत्या. हिचं घर कुठे, घरी कोण, नवरा काय करतो, यातलं काहीही बाईंना माहीत नव्हतं. भत्ता घेणाऱ्या अनोळखी माणसांच्या गाद्या उचलून पाहणाऱ्या बाईंना शेजारच्या खुर्चीतली बाई कोण हे ठाऊक नव्हतं.

"मास्तर घराबाहेर पडत नाहीत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "चेहरा रोज सकाळी लागतो, म्हणजे माणूस घरातलंच. ताई आणि तुझा नवरा मंगळवारी हॉस्पिटलात होते. उरलीस तू. पण मला ते तिथे दिसलंच नाही, कारण सून ऑफिसात जाते म्हटल्यावर मी पुढे विचारलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर जातेस. आपल्या इमारतीची ऑर्डर घेत नाहीस. आणि फाइल सोमवारी तूच हातात घेतलीस, त्याच दुपारी काम बंद केलंस. माझ्या गुडघ्यांची काळजी नव्हती ती."

"थोडी होती," खिडकीवाली म्हणाली.

"का केलंस? तुला नियम पाठ आहेत."

"पाठ आहेत म्हणूनच." तिने आजूबाजूला पाहिलं आणि काचेच्या भोकाजवळ तोंड आणलं. "यांचं डायलिसिस मोफत कार्डावर होतं. कार्ड नवरा-बायकोच्या कमाईवर मिळतं. माझा इथला पगार त्या मर्यादेच्या जेमतेम आत आहे. माझ्या नावावर थोडीशी जरी वरकमाई दिसली तरी कार्ड थोडंसं कमी होत नाही, बाई. पूर्ण जातं. आणि कार्ड गेलं की तो खर्च मला सात जन्मांत झेपणार नाही. पण कार्डात इंजेक्शनं येत नाहीत. रिक्षा येत नाही, घरभाडं येत नाही. मी काय करायला हवं होतं?"

"म्हणून मास्तरांचं नाव."

"रोज या खिडकीतून लोकांना सांगते, दुसऱ्याच्या नावावर कमवू नका, सापडाल. आणि संध्याकाळी हेल्मेट घालते. हेल्मेटचं एक बरं असतं. आपण कोण ते आपल्यालाही दिसत नाही."

बाईंनी स्टूल काचेजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "विशेष बाब म्हणून सवलत मिळते. उपचारावर गेलेली कमाई मोजायची नाही, अशी शिफारस मी करू शकते. तुला ती तरतूद माहीत होती."

"होती."

"मग माझ्याकडे का नाही आलीस? दोन हातांवर तर बसते मी!"

खिडकीवालीने समोरच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या.

"तुम्हाला आठवतं का," ती म्हणाली, "मी नवीन लागले तेव्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे. एकदा तुम्ही एका बाईची गोष्ट सांगितलीत. तिने नवी गादी लपवायला वर फाटकी गोधडी घातली होती, आणि तुम्ही ती गोधडी कशी उचललीत ते करून दाखवलंत. सगळे खूप हसले. मीही हसले. त्या दिवशी घरी गेले तर आमच्या सासऱ्यांच्या पलंगावर नवी गादी होती. पाठीला जखमा व्हायला लागल्या म्हणून ताईंनी आणली होती. मी उभी राहून तिच्याकडे बघत बसले." तिने ओठ आवळले. "शिफारस मागायची म्हणजे तुम्ही आमच्या घरी येणार. आणि मग दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर आमची गोष्ट."

बाईंना ती दुपार आठवली. त्या बाईचं नाव आठवलं नाही. गोधडीची नक्कल मात्र आठवली, हातवाऱ्यांसकट. मान खाली घालायची म्हटलं तर त्या आधीच खाली बसल्या होत्या.

"यांना सांगू नका," खिडकीवाली म्हणाली. "ओव्हरटाइम करते असं सांगितलंय मी. बाकी तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

पण ते आता बाईंच्या हातात उरलं नव्हतं. बुधवारी आपणच भरल्या घरात प्रश्न टाकून आलो आहोत, हे त्यांना कळत होतं.

७

संध्याकाळी दोघी एकत्र निघाल्या. जिन्यात बाई मागे पडल्या तेव्हा खिडकीवाली थांबली, पण तिने हात पुढे केला नाही.

मास्तरांचा मुलगा बाहेरच्या खोलीत, वडिलांच्या पायथ्याशी बसला होता. बुधवारपासून त्याने घरात प्रत्येकाला विचारलं होतं आणि प्रत्येकाने विषय बदलला होता. आता बायकोच्या मागे चौकशीबाई दिसताच तो उठला.

"तू होतीस?" त्याने बायकोला विचारलं.

"हो."

"ओव्हरटाइम म्हणत होतीस."

"हो."

"पावसातसुद्धा?"

तिने मान डोलावली. तो पुन्हा खाली बसला आणि वर केलेली बाही त्याने हळूहळू मनगटापर्यंत ओढून घेतली. फुगलेली नस झाकली गेली तरी तो बाही ओढतच राहिला.

"तिला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "तिने मला विचारलंच नव्हतं. रात्री ताईजवळ रडत होती, ते मी ऐकलं आणि मीच म्हटलं, माझं नाव घे." मग ते बाईंकडे वळले. "मॅडम, माझा भत्ता जाईल हे मला कळत होतं. मी काही अडाणी नाही. पण इथे पडून पडून मी सुनेच्या हातचं खातो. दुसऱ्याने कूस बदलून द्यावी लागते मला. सकाळी ती मोबाइल धरायची, मी मान वळवायचो, डोळे मिचकवायचो, आणि ती कामाला जायची. दिवसभरात माझ्याकडून घराला तेवढंच जायचं. चेहरा. हातपाय राहिले नाहीत, चेहऱ्याला तरी काम मिळालं, असं वाटायचं." त्यांनी चादर पायांवर ओढून घेतली. "खोटं होतं ते. पण सकाळची वाट बघायचो मी."

ताई मशीनवर डोकं टेकवून बसली होती. बाईंना कुणी बसा म्हटलं नाही, आणि त्याही बसल्या नाहीत.

रविवारी घरी बसून त्यांनी अहवाल लिहिला. काहीच लपवलं नाही. पण शेवटी शिफारस जोडली, आणि तिच्यासाठी नियमांची पुस्तकं उलथीपालथी केली. मोफत उपचाराचं कार्ड जाऊ नये, मास्तरांचा भत्ता कायमचा बंद होऊ नये, सुनेला तिच्या स्वतःच्या नावाने डिलिव्हरीचं काम करू द्यावं आणि उपचारावर जाणारी कमाई मोजू नये.

साहेबांनी तो वाचला. "हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण ती बाई तीन वर्षं तुमच्या शेजारी बसत होती. तुम्हाला पत्ताच नव्हता?"

"नव्हता," बाई म्हणाल्या.

"कमाल आहे."

डबे उघडले तेव्हा कुणीतरी उत्साहाने तोच विषय काढला. खिडकीवालीची नक्कलही सुरू झाली, हेल्मेट घातल्यासारखी. चौकशीबाईंनी आपला डबा बंद केला आणि बाहेर जाऊन जिन्यात उभ्या राहिल्या. बोलावं असं त्यांना वाटत होतं. पण ही नक्कल त्यांनीच या खोलीला शिकवली होती, आणि कोणत्या तोंडाने थांबवावी ते त्यांना सुचलं नाही.

निकाल लागायला पुष्कळ आठवडे गेले. कार्ड राहिलं. मास्तरांचा भत्ता काही काळ थांबवून पुन्हा चालू करायचं ठरलं, आणि आधी घेतलेला थोडाथोडा कापून घ्यायचं. डिलिव्हरीचं काम सुनेच्या नावावर चालू ठेवायला परवानगी मिळाली. तीन नंबरच्या खिडकीवरचं तिचं कंत्राट मात्र पुढे वाढवलं गेलं नाही. ते बाईंच्या शिफारशीत मावणारं नव्हतं.

निकालाचा कागद टपालाने जायचा होता. बाईंनी तो मागून घेतला आणि स्वतः घेऊन निघाल्या. काय बोलायचं ते त्यांनी रस्त्यात ठरवलं होतं. ती गोधडीची गोष्ट मी परत कधी सांगितली नाही, असं म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं. ती त्यांनी नंतरही दोन-तीनदा सांगितली होती. मग नुसतंच, माझं चुकलं, असं म्हणायचं ठरलं.

दार सुनेनेच उघडलं. कामाला निघायच्या बेतात असावी. केस घट्ट बांधलेले होते. तिने कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि घडी घातली.

"हे टपालानेही आलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

बाईंनी तोंड उघडलं. आतून मास्तरांच्या मुलाचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

तिने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"कुणी नाही," ती आत वळून म्हणाली. "ऑफिसातलं माणूस आहे."

आणि तिने आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.